मद्रासचा चित्ता आणि लंडनमधला समुद्र

गेल्या वर्षी उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, आरती आणि प्रसाद झाल्यावर, कार्यकारिणीने मला अर्धा तास बोलायला दिला होता. विषय होता 'जुन्या चित्रांतले मद्रास'. मुलाने प्रोजेक्टर जोडून दिला, दिवे मालवले, आणि पडद्यावर मी पहिलेच चित्र लावले ते सेंट जॉर्ज किल्ल्याचे. समुद्रात शिडांची मोठी जहाजे, त्यांवर फडकणारी निशाणे, मागे किनाऱ्यावर किल्ला. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "मंडळी, पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आपले चेन्नई हे असे दिसत होते."

मागच्या रांगेतून आवाज आला, "लाट कुठे आहे?"

प्रश्न विचारणारे काका आमच्या मंडळाचे जुने सभासद. सारी नोकरी इथल्या बंदरात झालेली. ते म्हणाले, "अहो, हा आपला समुद्र नव्हे. हा तळ्यासारखा दिसतोय. ज्याने हे काढले तो इथे आलाच नसेल." लोक हसले. मीही हसलो आणि पुढचे चित्र लावले. पण त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, हे मला ठाऊक होते आणि काकांनाही. यंदा संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवले, की आधी ते उत्तर द्यायचे. माझी चूक झाली होती. भर सभेत केलेली चूक छापील पानावरच दुरुस्त केलेली बरी.

काकांचे म्हणणे शब्दश: खरे होते. ते चित्र काढणारे कधी मद्रासला आलेच नव्हते.

ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी लंडनमध्ये लेडनहॉल स्ट्रीटवर होती. तिथल्या संचालकांच्या सभागृहात लावण्यासाठी कंपनीने सहा तैलचित्रे करवून घेतली. ती 1732 च्या सुमारास तयार झाली. मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला, कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, मुंबई, मलबार किनाऱ्यावरची तेल्लिचेरी, आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप आणि वाटेतले सेंट हेलेना बेट, अशी ही सहा ठिकाणे. काम दोघा चित्रकारांनी वाटून घेतले. जॉर्ज लँबर्टने जमीन, डोंगर आणि इमारती रंगवल्या. सॅम्युएल स्कॉट जहाजे रंगवण्यात वाकबगार, म्हणून समुद्र आणि जहाजे त्याच्याकडे. दोघांनीही हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. स्कॉटला जहाजे ठाऊक होती, कारण ती लंडनच्या नदीत रोज दिसत. त्यामुळे चित्रातली जहाजे अगदी खरी वाटतात, दोरखंड मोजून घ्यावेत इतकी. ज्या समुद्रावर ती उभी आहेत तो मात्र लंडनमध्ये बसून कल्पनेने रंगवलेला आहे. ही चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता खरा समुद्र कसा होता ते पाहू. मद्रासला नैसर्गिक बंदर नाही. बंदराचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याआधीची दोनशे वर्षे जहाजे किनाऱ्यापासून बरीच लांब नांगर टाकून उभी राहत. किनारा आणि जहाज यांच्यामध्ये फुटणाऱ्या लाटांच्या रांगाच्या रांगा असत. युरोपीय पद्धतीची होडी त्या लाटांत टिकत नसे. तिथे चालत ती इथल्या कोळ्यांची मसुला नाव. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की ती लवचीकपणे वाकायची, फुटायची नाही. सोबतीला कट्टुमरम. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधलेला तराफा. इंग्रजांनी हाच शब्द उचलला आणि जगभर नेला. गव्हर्नर असो की कापडाचा गठ्ठा, मद्रासला उतरायचे किंवा मद्रास सोडायचे तर या लाटांतून आणि या नाविकांच्या हातून जाण्याखेरीज इलाज नव्हता.

चित्राची एक बाजूही सांगायला हवी. त्यात किल्ला पाण्याला लागून दिसतो, ते बरोबर आहे. आज किल्ल्यापुढून रस्ता जातो आणि समुद्र दूर वाटतो, कारण बंदराची भिंत झाल्यावर तिच्या दक्षिणेला वाळू साठत गेली. आपण संध्याकाळी ज्या मरीनावर सुंडल खात फिरतो तो रुंद किनारा बराचसा त्या वाळूचाच. तेव्हा किल्ल्याची जागा कागदपत्रांवरून आणि नकाशांवरून चित्रकारांना बरोबर मिळाली. लाट नकाशात नसते, ती मिळाली नाही. आणि मला वाटते, संचालकांनाही ती नको असावी. सभागृहाच्या भिंतीवर त्यांना किल्ला, निशाण आणि सुखरूप जहाजे हवी होती. माल कसा भिजतो ते बघायला कोण पैसे देऊन चित्र काढून घेईल?

काकांना उत्तर मिळाले. पण शोधता शोधता मला दुसरे एक तैलचित्र भेटले, आणि खरे तर लेख त्याच्यासाठी लिहायचा आहे.

आमची मुलगी आणि जावई इंग्लंडात मँचेस्टरला असतात. या उन्हाळ्यात आम्ही उभयता दोन महिने तिकडे होतो. तिथला पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसती पिरपिर. अशाच एका दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, घरात बसून काय करता? शहरात आर्ट गॅलरी आहे, तिकीट नाही." 'तिकीट नाही' हे ऐकून आमच्या सौ. आधी तयार झाल्या. तिथे एका दालनात शिरलो आणि समोर सहा फूट उंच, नऊ फूट लांब असे चित्र दिसले. चित्राच्या मध्यावर एक चित्ता. डोळ्यांवरची लाल टोपी नुकतीच कपाळावर सरकवलेली, कमरेला पट्टा. त्याच्याजवळ दोन माणसे, अंगात पांढरे अंगरखे, डोक्याला पागोटी. एकाने चित्त्याला धरले आहे, दुसरा हात पुढे करून समोरचे हरीण दाखवतो आहे. सौ. म्हणाल्या, "अहो, ही आपली माणसं!" आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले.

खालच्या पाटीवर चित्रकाराचे नाव होते जॉर्ज स्टब्ज, साल 1764–65. आणि चित्ता आणणाऱ्याचे नाव होते जॉर्ज पिगट, मद्रासचा गव्हर्नर.

म्हणजे आपल्या गावाहून गेलेला चित्ता! त्याची हकिगत अशी. पिगट 1755 ते 1763 या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. 1758–59 मध्ये फ्रेंच सेनापती लालीने मद्रासला वेढा घातला तेव्हा किल्ला राखणारा तो हाच. मायदेशी परतल्यावर त्याने राजा तिसरा जॉर्ज याला एक शिकारी चित्ता नजर केला. राजाने तो आपले चुलते ड्यूक ऑफ कंबरलंड यांच्याकडे विंडसरच्या उपवनात ठेवायला दिला. इंग्रज तेव्हा त्याला 'शिकारी वाघ' म्हणत. चित्ता हा शब्द त्यांच्या भाषेत अजून रुळायचा होता.

हिंदुस्थानात चित्त्याकडून शिकार करवण्याची विद्या जुनी होती. अकबराच्या चित्तेखान्याचे वर्णन 'आइने अकबरी'त आहे. पिंजऱ्यात चित्त्याची पैदास जवळजवळ होत नसे, म्हणून रानातला वाढलेला चित्ता पकडून त्याला माणसाळवावे लागे. डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत, टोपी काढत आणि सावज दाखवून सोडत. हे काम करणारे ते चित्तेवान. कोल्हापूरच्या छत्रपतींकडेही असे चित्ते होते, आणि विसाव्या शतकात ते आफ्रिकेतून मागवावे लागत, इतके इथले संपत आले होते.

ही विद्या विंडसरला दाखवायचे ठरले. 30 जून 1764 रोजी जाळ्या बांधून रिंगण केले आणि चित्त्यापुढे एक मोठा सांबरशिंगा नर हरीण सोडला. चित्त्याने झेप घेतली, हरणाने शिंगांनी त्याला परतवून लावले. पुन:पुन्हा तेच झाले. शेवटी चित्ता रिंगण ओलांडून पळाला, रानात शिरला आणि तिथे दुसरे एक लहान जातीचे हरीण मारले. मागोमाग धावत गेले ते त्याचे दोन हिंदी राखणदार. त्यांनीच त्याला पुन्हा टोपी घालून ताब्यात घेतले. दरबारी मंडळींची फजितीच झाली म्हणायची. काळविटामागे धावणाऱ्या जनावराला थोराड हरणापुढे उभे केले, यात चित्त्याचा काय दोष?

स्टब्जने फजितीचा क्षण रंगवला नाही, त्याच्या आधीचा रंगवला. पार्श्वभूमीचे खडक इंग्लंडातले आहेत, हरीण सांबराच्या वळणाचे आहे; म्हणजे देखावा काहीसा जुळवलेला आहे. पण चित्ता पाहावा. डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ, अंगावरचे सुटे भरीव ठिपके, लहान डोके, खोल छाती, बारीक कंबर. आपल्यापैकी अर्धे लोक बिबट्यालाच चित्ता म्हणतात. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखे ठिपक्यांचे पुंजके असतात आणि डोळ्याखालची ती रेघ नसते. आपल्या बालचित्रकला स्पर्धेतल्या 'कुनोचा चित्ता' या चित्रांपैकी बरेचसे बिबटेच होते, आणि परीक्षक मीच होतो! स्टब्जची अशी गल्लत झाली नाही, कारण जनावर त्याच्यासमोर होते.

शिवाय त्याला जनावर आतून माहीत होते. लिव्हरपूलच्या चामडे कमावणाऱ्याचा हा मुलगा. 1750 च्या दशकात लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी एका शेतघरात तो सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे छताला टांगून, थराथराने सोलून, स्नायू आणि हाडांची चित्रे काढत बसला होता. वासाने इतर कोणी तिकडे फिरकले नसते. त्यातून 1766 साली त्याचे घोड्याच्या शरीररचनेवरचे पुस्तक निघाले. चित्त्याच्या खांद्यावरचा ताण बघताना ते दीड वर्ष आठवते. तैलरंगाची मदतही आहेच. जवसाच्या तेलात कालवलेला रंग सावकाश वाळतो, ओल्यावर ओला मिसळता येतो, आणि केसाळ कातडीवरची छाया-प्रकाशाची सरमिसळ त्यात साधते.

याच स्टब्जने 1772 साली कांगारू रंगवला. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीवरून आणलेले कातडे फुगवून त्याच्यापुढे ठेवले होते, जिवंत कांगारू त्याने पाहिला नव्हता. ते चित्र पाहिले तर एखादा थोराड उंदीर मान वळवून बसल्यासारखा वाटतो. हात तोच, विद्या तीच. समोर जनावर नव्हते एवढाच फरक. लँबर्ट आणि स्कॉट यांना दोष देताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. ते वाईट चित्रकार नव्हते. त्यांच्यासमोर मद्रास नव्हते.

मग त्या लाटा कुठे राहिल्या? त्या चित्त्याच्या वाटेवर होत्या. मद्रासच्या किनाऱ्यावरून त्याला जहाजावर चढवले असेल, तर तो पिंजरा मसुला नावेतूनच गेला असणार. डोळ्यांवर टोपी, भोवती लाटांचा आवाज, आणि धीर द्यायला ते दोन राखणदार. पुढे केपला वळसा घालून सहा-सहा महिन्यांचा प्रवास. संचालकांच्या भिंतीवरच्या चित्रातून जे गाळले होते त्यातूनच हे तिघे पार झाले. गॅलरीतल्या बाकावर बसून मी हाच विचार करीत होतो. आपण आज चार तासांचा विमान बदल असला तरी कुरकुरतो.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. चित्राच्या नावात चित्ता आहे, हरीण आहे आणि 'दोन हिंदी माणसे' आहेत. पिगटचे नाव इतिहासात आहे, राजाचे आहे, ड्यूकचे आहे. ज्यांच्या हाताखेरीज त्या जनावराने एक पाऊल टाकले नसते, त्यांचे चेहरे स्टब्जने इतक्या मनापासून रंगवले आहेत की रस्त्यात भेटले तर ओळखू येतील, आणि चित्राच्या नावात त्यांची नुसती संख्या आहे. चेहरा राहिला, नाव गेले.

याला एक मराठी उत्तर आहे. 1790 साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही त्याने काढली. त्याने हा गेंडा समोर पाहून काढला. ते तैलचित्र नाही, कागदावरचे आहे, आणि आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. योगायोग असा की साधारण त्याच सुमारास लंडनमध्ये स्टब्जही एक हिंदुस्थानी गेंडा तैलरंगात रंगवत होता. दोन माणसे, दोन खंड, एकाच जातीचे जनावर. गंगारामचे नाव आज आपल्याला घेता येते, कारण चित्राबरोबर ते कोणीतरी लिहून ठेवले. एवढ्या एका ओळीने केवढा फरक पडतो!

पिगटची गोष्टही पुरी करतो, कारण ती आपल्या मराठी राज्याशी येऊन भिडते. तंजावरला व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचे राज्य होते. 1773 साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने ते घेतले आणि तुळजाजीराजांना कैद केले. राज्य परत देण्याचा हुकूम घेऊन 1775 साली पिगट पुन्हा गव्हर्नर होऊन मद्रासला आला. 1776 च्या एप्रिलात तो स्वत: तंजावरला गेला आणि तुळजाजींना गादीवर बसवून आला. नबाबाला कर्ज देऊन तंजावरच्या महसुलावर डोळा ठेवून बसलेले सावकार आणि कौन्सिलातले त्यांचे मित्र खवळले. 24 ऑगस्ट 1776 रोजी त्यांनी चक्क गव्हर्नरलाच अटक केली. 11 मे 1777 रोजी तो कैदेतच वारला. तंजावरची गादी मात्र राहिली; तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजीराजे पुढे त्याच गादीवर आले आणि त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. पिगट साधुपुरुष नव्हता, गडगंज संपत्ती करून गेलेला कंपनीचा माणूस होता. तरी तंजावरच्या मराठी बखरीत त्याची एक जागा आहे, हे मँचेस्टरच्या त्या पाटीवर लिहिलेले नव्हते. ते आपण लिहायचे.

आणि चित्ता? हिंदुस्थानातले अखेरचे नोंदलेले तीन चित्ते 1947 साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने मारले. 1952 साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले. आशियाई चित्ता आता फक्त इराणात, तोही मोजका, उरला आहे. 17 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये नामिबियाहून आठ चित्ते आले, 2023 च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले, तिथे पिल्लेही जन्मली. आनंदाचीच गोष्ट, पण ते आफ्रिकी वाणाचे आहेत. आपल्या मातीतला चित्ता पूर्ण अंगाने, रंगाने, डोळ्यांतल्या भावासकट बघायचा तर अशा थोड्या चित्रांपुढे जाऊन उभे राहावे लागते. 1764 साली एका माणसाने समोर बसून, घाई न करता पाहिले, म्हणून एवढे तरी उरले.

मँचेस्टरहून परतल्यावर मी काकांच्या घरी गेलो. मोबाईलवर दोन्ही चित्रे दाखवली, सगळे सांगितले. किल्ल्याच्या चित्राकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. चित्त्याकडे मात्र बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "त्या दोघांना परत कुणी आणलं का?"

याही वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण काकांचा प्रश्न ऐकून मी एक ठरवले आहे. आपल्या मंडळाच्या कपाटात उत्सवाचे जुने फोटो पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहेत. मखर बांधणारे, पंगतीत वाढणारे, मूर्ती उचलून नेणारे, असे कितीतरी चेहरे आहेत आणि मागे एकही नाव नाही. ज्येष्ठ सभासदांना विनंती आहे, की यंदा उत्सवात दुपारच्या वेळी थोडे बसावे, चेहरे ओळखावेत आणि पेन्सिलीने मागे नावे घालावीत. खोके मी घेऊन येईन. पेन्सिलीही आणीन.